फुप्फुसाच्या कॅन्सरचा आकडा छापताना स्टेजही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या मजकुरात एक वाक्य हमखास असते: ‘पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अमुक टक्के.’ स्टेज कोणती, प्रकार कोणता, रुग्ण कोणत्या काळातले, यातले काहीच सोबत नसते. निदान झाले की त्याच रात्री घरातले कोणीतरी हे वाक्य शोधून काढते आणि त्या एका आकड्यावर निर्णय होऊ लागतात. पुढच्या तपासण्या करायच्या का, ‘उगाच’ सुई टोचून घ्यायची का, पेशंटला सांगायचे का. या आजाराचे निदान आणि उपचार हे आमचे रोजचे काम आहे. सुट्या आकड्याने होणारे नुकसान आम्हाला दिसते, म्हणून हे पत्र.

आधी स्टेजमुळे पडणारा फरक पाहा. गाठ, लिम्फ नोड आणि पसरणे यांवरून स्टेज ठरवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या टीएनएम पद्धतीची आठवी आवृत्ती तयार करताना १६ देशांतल्या ९४,७०८ रुग्णांची माहिती गोळा केली गेली. गाठ एक सेंटीमीटरपर्यंतची, लिम्फ नोड स्वच्छ आणि बाहेर कुठे पसरलेले नाही, अशा रुग्णांपैकी ९२ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. तीच गाठ दोन ते तीन सेंटीमीटरची असेल तर ७७ टक्के, तीन ते चारची असेल तर ६८. स्टेज तीन-एमध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांवर येते, तीन-बीमध्ये २६ वर, तीन-सीमध्ये १३ वर. चौथ्या स्टेजमध्ये दुसऱ्या फुप्फुसात किंवा छातीच्या पाण्यात पसरलेला, किंवा छातीबाहेर एकाच ठिकाणी गेलेला आजार असेल तर १० टक्के. अनेक ठिकाणी पसरलेला असेल तर शून्य.

हा शून्य नीट वाचायला हवा. ते सगळे रुग्ण १९९९ ते २०१० या काळातले आहेत. आजची बरीच औषधे तेव्हा वापरात नव्हती. पाच वर्षांचा आकडा काढायचा तर रुग्ण किमान पाच वर्षांपूर्वीचे असावेच लागतात, त्यामुळे छापून आलेला प्रत्येक आकडा जुन्या उपचारांचा असतो. पुढे एका चाचणीत चौथ्या स्टेजचे, गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन ५० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींवर असलेले आणि ईजीएफआर-एएलके या जनुकांतले बदल नसलेले रुग्ण घेतले होते. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या) औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के पाच वर्षांनी हयात होते. केमोने सुरुवात केलेल्यांपैकी १६ टक्के. तोही चौथाच टप्पा. ज्याच्या घरात आज हे निदान झाले आहे, त्याने यातला कोणता आकडा आपला मानायचा? उत्तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये असते, बातमीत नसते.

दुसरी गोष्ट प्रकाराची. साधारण ८५ टक्के रुग्णांना नॉन-स्मॉल सेल कॅन्सर असतो, उरलेल्यांना स्मॉल सेल. स्मॉल सेल झपाट्याने वाढतो, बहुतेक वेळा धूम्रपानाशी जोडलेला असतो, आणि निदान होते तेव्हा तीनातल्या दोघांत तो पसरलेला असतो. केमोने गाठ पटकन वितळते, नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण बहुतेकांत तो काही महिन्यांत परततो. पसरलेल्या स्मॉल सेलमध्ये केमो आणि इम्युनोथेरपी मिळूनही निम्मे रुग्ण साधारण वर्षभरातच जातात. हे स्पष्ट सांगावे लागते. पण त्याच उपचाराच्या चाचणीत पाच वर्षांनी सुमारे १२ टक्के रुग्ण हयात होते, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. ‘सरासरी एक वर्ष’ असे छापले की वाचणाऱ्याला ती मुदत वाटते. तो मध्यबिंदू असतो. शंभर रुग्ण ओळीने उभे केले तर पन्नासावा कुठे आहे, एवढेच तो सांगतो; एक्कावन्नाव्यापासून पुढचे कुठवर गेले याबद्दल तो गप्प असतो.

नॉन-स्मॉल सेलमध्ये आज सर्वांत जास्त आढळतो तो ग्रंथीसारख्या पेशींचा अॅडिनोकार्सिनोमा. कधीही सिगारेट न ओढलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो तेव्हा बहुधा हाच असतो, आणि अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसते. ‘पण त्या तर कधी ओढत नव्हत्या’ हे वाक्य निदान लांबवते. धूम्रपान हे सर्वांत मोठे कारण आहेच. पण दुसऱ्याचा धूर, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, अॅस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, डिझेलचा धूर आणि हवेतले सूक्ष्म कण हीसुद्धा मान्य झालेली कारणे आहेत. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच कॅन्सरकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले.

या अॅडिनोकार्सिनोमात जनुकीय बदल शोधणे हा आता उपचाराचा पाया आहे. आशियाई वंशाच्या रुग्णांत ४० ते ५० टक्क्यांमध्ये ईजीएफआरचा बदल सापडतो, पाश्चात्त्य रुग्णांत १० ते १५ टक्क्यांत. एएलकेचा ३ ते ५ टक्क्यांत, आरओएस१चा एक-दोन टक्क्यांत. बदल सापडला तर रोजच्या गोळीने आजार दीर्घकाळ ताब्यात राहू शकतो. पसरलेल्या एएलके कॅन्सरमध्ये लॉर्लाटिनिब या गोळीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत पाच वर्षांनंतरही आजार पुढे सरकलेला नव्हता. जुन्या सरासरीत हे रुग्ण शोधूनही दिसणार नाहीत.

इथवर आलो की सगळे येऊन थांबते बायॉप्सीच्या तुकड्यावर. त्याबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. सीटीच्या मदतीने सुई घालून काढलेला तुकडा शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा असतो, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. त्यातून निदान, प्रकार, पीडी-एल१ आणि जनुकीय चाचण्या एवढे सगळे काढायचे असते. तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ४८ तास राहावा लागतो. नुसत्या सलाइनमध्ये पाठवला तर पेशी खराब होतात. फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर पडून राहिला तर डीएनएचे तुकडे पडतात. हाडातून घेतलेला तुकडा कापता यावा म्हणून तीव्र आम्लात मऊ केला जातो, आणि तिथे डीएनए जवळपास संपतो. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरले तर तो वाचतो. शक्य असेल तिथे हाड सोडून दुसरी जागा निवडणे त्याहून चांगले.

प्रयोगशाळेतही नासाडी होते. मेणात बसवलेला ब्लॉक कापण्याच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा चढवला की दर वेळी तो समतल करताना बारीक काप वाया जातात. लागणारे सगळे काप एकाच बैठकीत काढून ठेवले तर ही गळती थांबते. दोन तुकडे मिळाले असतील तर ते दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये बसवावेत, म्हणजे एक निदानाला संपला तरी दुसरा जनुकीय चाचणीला राहतो. बहुतेक वेळा टीटीएफ-१ आणि पी४० या, पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या, दोन रंगचाचण्यांवर प्रकार ठरतो. तिथे आठ-दहा रंगचाचण्या केल्या की रिपोर्ट भरगच्च दिसतो, आणि पुढच्या चाचणीच्या वेळी ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो. मग पुन्हा सुई, पुन्हा दोन-तीन आठवडे.

छातीत पाणी झाले असेल तर तेच पाणी नमुना म्हणून चालते, पण पाच मिलिलीटरने भागत नाही. किमान ५० ते ७५ मिलिलीटर पाठवावे, आणि त्यातल्या पेशी गोळा करून मेणाचा सेल ब्लॉक बनवायला चिठ्ठीवर लिहून सांगावे. नुसत्या स्लाइड बनवल्या तर पुढच्या चाचण्यांना काही उरत नाही. रक्तावरची जनुकीय चाचणी उपयोगी आहे, तिचा निकाल लवकर येतो. पण ती निगेटिव्ह आली म्हणजे बदल नाहीच असे धरायचे नसते. गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलेला नसतो, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. बायॉप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती घराघरात आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजणे फार क्वचित घडते. खरा धोका असतो फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा. तो चार-पाच जणांतल्या एकाला होतो आणि बहुतेकांत आपोआप जिरतो, थोड्यांनाच नळी घालावी लागते.

रिपोर्टची वाट पाहताना घरच्यांचा धीर सुटतो, ते साहजिक आहे. पण जनुकीय निकालाआधी इम्युनोथेरपी सुरू करण्याची घाई अंगाशी येते. ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल असलेल्यांत ती एकटी फारसा उपयोग करत नाही, आणि तिच्यामागोमाग ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. आजार थांबू देणार नाही इतका जोरात असेल तर पहिला डोस नुसत्या केमोचा द्यावा आणि निकाल हाती आला की पुढचे ठरवावे. ही साधी वाट आहे, आणि ती विचारायचा हक्क नातेवाइकांना आहे.

आता पेशंटच्या ताकदीविषयी. दोन माणसांची स्टेज, प्रकार, जनुके सगळे सारखे असूनही निकाल वेगळे लागतात, त्यात मोठा वाटा या ताकदीचा असतो. ती मोजायची पद्धत साधी, शून्य ते चार अशी. विचारायचा प्रश्न असा: दिवसभरात जागे असता त्यातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का? स्वत:चे आवरता, पण काम होत नाही आणि निम्म्याहून जास्त वेळ उठून असता, तर दोन. स्वत:चे थोडेच करता येते आणि निम्म्याहून जास्त वेळ पडून, तर तीन. हा प्रश्न पेशंटलाही विचारावा आणि त्याच्याजवळ राहणाऱ्यालाही, कारण दोघांची उत्तरे जुळत नाहीत. पेशंट डॉक्टरांपुढे उसने बळ आणून बसतो. वजनाचेही तसेच. ‘थोडे उतरले’ याला अर्थ नाही. सहा महिन्यांपूर्वी किती होते, आज किती आहे, हे किलोत लिहा. पाच टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर ती पुढच्या वाटचालीबद्दल बरेच सांगून जाते. वय मात्र स्वत:हून तितके ठरवत नाही. पंचाहत्तरीचा चालता-फिरता माणूस केमो सोसतो आणि पंचावन्नचा अंथरुणाला खिळलेला सोसत नाही.

पण इथे एक अपवाद मनावर ठसवून घ्यावा. ताकद तीनवर गेली म्हणून जनुकीय चाचणी सोडू नका. केमो झेपणार नाही हे खरे, पण ही अशक्तता कॅन्सरनेच आणलेली असेल आणि ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल निघाला, तर गोळीने पडून असलेला माणूस उठून बसल्याचे अभ्यासांत नोंदले गेले आहे. ‘आता काही होण्यासारखे नाही’ हे वाक्य त्या रिपोर्टआधी कोणीही उच्चारू नये, असे आमचे ठाम मत आहे.

निम्म्याच्या आसपास रुग्ण पहिल्यांदा येतात तेच चौथ्या स्टेजमध्ये. यात आळशीपणा शोधण्यात अर्थ नाही. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव नसते. गाठ आवरणाला, बरगडीला किंवा श्वासनलिकेला भिडेपर्यंत ती गप्प राहते. जिथे हरकत घ्यायला हवी ती पुढची दिरंगाई. तीन आठवड्यांहून लांबलेला किंवा नेहमीपेक्षा वेगळा खोकला, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, खांद्यात सुरू होऊन हाताच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी कळ, चेहऱ्यावर आणि मानेवर सूज, बोटांच्या टोकांना आलेली गोलाई, यातले काही असेल तर छातीचा एक्स-रे लगेच हवा. आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी तक्रार टिकून असेल तर सीटी हवा, कारण साधारण पाचातला एक कॅन्सर एक्स-रेत दिसत नाही. हृदयामागचा आणि हाडांआड दडलेला तर हमखास निसटतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया संशयास्पद समजावा. न्यूमोनियाचा डाग सहा आठवड्यांत गेला का, हे पाहायचा एक्स-रे बहुतेक जण काढतच नाहीत. क्षयरोग जिथे जास्त आहे तिथे आणखी एक सापळा असतो: बेडक्यात जंतू सापडलेले नसताना नुसत्या डागावरून सुरू केलेली क्षयाची औषधे. चार-सहा महिने त्यात जातात आणि गाठ तेवढी पुढे गेलेली असते.

धूम्रपान करणाऱ्यांसाठी कमी किरणांचा सीटी हा तपासणीचा सिद्ध झालेला मार्ग आहे. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक्स-रे काढलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. तिथल्या २०२१च्या शिफारशीत वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे (रोज २० सिगारेटी असे एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष), आणि अजून ओढत असलेले किंवा सोडून १५ वर्षे न झालेले, असे निकष आहेत. सरसकट सगळ्यांनी सीटी काढावा असा त्याचा अर्थ नाही: त्याच चाचणीत संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्के कॅन्सर नव्हते, आणि प्रत्येक खोट्या संशयामागे पुढच्या तपासण्या लागतात.

या चाचणीने मृत्यू मोजले, ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण’ मोजले नाही. हा फरक आरोग्याच्या पानावर काम करणाऱ्यांनी धरून ठेवावा. समजा, एका माणसाचा मृत्यू २०३० मध्ये होणार आहे. निदान २०२८ मध्ये झाले तर तो दोन वर्षे जगला. सीटीत २०२४ मध्येच सापडले आणि उपचाराने काहीच साधले नाही, तरी तो सहा वर्षे जगला आणि यशाच्या रकान्यात गेला. मृत्यूची तारीख तीच. असाच चकवा शरीरभर पसरलेला आजार दाखवणाऱ्या पेट-स्कॅनमुळे होतो. पूर्वी तिसऱ्या स्टेजमध्ये धरले जाणारे, पण बाहेर बारीकसा डाग असलेले रुग्ण आता चौथ्या स्टेजमध्ये मोजले जातात. तिसरीतले सर्वांत वाईट रुग्ण निघून गेले म्हणून तिसरीचा आकडा सुधारतो, आणि चौथीत त्यातल्या त्यात बरे रुग्ण आले म्हणून चौथीचाही. एकही माणूस एक दिवससुद्धा जास्त जगलेला नसतो. दोन वेगळ्या दशकांचे किंवा दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी छापताना हे लक्षात ठेवावे. २०२५ पासून टीएनएमची नववी आवृत्ती लागू झाली आहे, तेव्हा आता आवृत्तीही लिहायला हवी.

टक्क्यांच्या मथळ्यांबाबतही सांगायला हवे. शस्त्रक्रियेनंतर ईजीएफआर रुग्णांना ओसिमर्टिनिब दिल्याच्या चाचणीत ‘मृत्यूचा धोका ५१ टक्क्यांनी घटला’ हे खरे आहे. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ८८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ७८ टक्के हयात होते, हेही तेवढेच खरे. मथळा पहिल्याचा होतो. घरच्यांना निर्णयासाठी दुसरे हवे असते.

दोन गोष्टी औषधांच्या बातम्यांत हरवतात. निदानानंतर सिगारेट सोडून काय उपयोग, हा समज साफ चुकीचा आहे. सोडणारे जास्त जगतात, ऑपरेशननंतर कमी गुंतागुंत होते, आणि एर्लोटिनिबसारखी गोळी ओढणाऱ्यांच्या रक्तातून लवकर निघून जाते, म्हणजे डोस पुरत नाही. दुसरी गोष्ट, वेदना आणि धाप यांवर उपचार करणारी पॅलिएटिव्ह केअर. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पसरलेल्या नॉन-स्मॉल सेलच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना निदानापासूनच ही जोड मिळाली, त्यांचा मध्यबिंदू ११.६ महिने होता. नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा ८.९. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, आणि शेवटी जोरदार उपचारांचा मारा कमी झाला, हे वेगळेच.

आपल्याकडे मागणी एवढीच आहे की, आकडा छापताना स्टेज, प्रकार, जनुकीय बदल असल्यास तो, रुग्ण कोणत्या वर्षांतले आणि मोजणी कोणत्या दिवसापासून, एवढे सोबत द्यावे. जागा फार लागत नाही. नमुन्यादाखल: ‘नॉन-स्मॉल सेल, स्टेज तीन, शस्त्रक्रिया शक्य नसलेले आणि केमो-रेडिएशननंतर आजार न वाढलेले रुग्ण, त्यानंतर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४३ टक्के हयात, न दिलेल्यांपैकी ३३ टक्के, मोजणी चाचणीत गट ठरल्याच्या दिवसापासून, निदानापासून नव्हे.’

आपले,
फुप्फुसाच्या कॅन्सरचे निदान व उपचार करणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट